कागदावरची पलटण

४ नोव्हेंबर, अहमदपूर

सकाळी मैदान. भरतीच्या पोरींचा गोळा अजून लांब जात नाही, धावणं बरं आहे. घरी येऊन चहा घेत होतो तर फोन. अनोळखी नंबर. "उस्ताद?" एवढंच.

मला उस्ताद म्हणणारं आता कोण राहिलंय? मैदानावरची पोरं सर म्हणतात, गाव सुभेदार म्हणतं.

मूसा. लेफ्टनंट मूसा, परदेशात मी शिकवलेल्या तुकडीतला. जिवंत. हैदराबादहून बोलत होता.

उन्हाळ्यात त्यांची खिंडीतली चौकी पडल्याची बातमी टीव्हीवर खाली पट्टीत सरकत गेली होती. कुणी वाचलं नाही म्हणाले होते. मी त्याच दिवशी त्याला धरून सगळ्यांच्या नावाने दिवा लावला होता. सुनंदाला कारण सांगितलं नव्हतं.

आज सांगितलं. ती म्हणाली, "मग बोलवा की घरी. हैदराबाद काय लांब हाय का?"

७ नोव्हेंबर

नांदेड स्टेशनवर आणायला गेलो. गाडी उशिरा. तो डब्यातून उतरताना आधी काठी उतरली, मग तो. डावा पाय गुडघ्याखाली नाही. हैदराबादला नवा पाय बसवायला आलाय, त्याच्या मामाने खटपट करून पाठवलं. पाय अजून घासतो म्हणून पिशवीत ठेवलेला.

मला बघून काठी काखेत दाबून कडक सलाम. सगळा फलाट बघत होता. मीही केला. नंतर मिठी मारली तेव्हा कळलं, पोरगा निम्मा झालाय.

हिंदी अजून तीच. माझीच. इथे वर्षभर कोर्स केला तेव्हा शिकला, बाकीची मी तिकडे शिकवली. शिव्यांसकट.

एसटीने आलो. लोह्यापर्यंत बाजूच्या म्हाताऱ्याने त्याला विचारून विचारून हैराण केलं. "कुठचं गाव म्हन्ला?" मूसाने देशाचं नाव सांगितलं. म्हातारा म्हणाला, "आसंल आसंल. पाऊसपानी कसाय तिकडं?"

८ नोव्हेंबर

सु. ने भाकरी केली, येसराची आमटी. तिखट लागून त्याच्या डोळ्यांतून पाणी, पण ताट सोडेना. सु. म्हणाली, "याला कुणी वाढलंच न्हाई वाटतं इतक्या दिवसांत." तिने त्याचे कपडे धुतले. तो नको नको म्हणत होता. त्याला काय माहीत हिच्यापुढे नको चालत नाही.

पलीकडचे शेख सर त्याला नमाजाला घेऊन गेले. परत येताना गल्लीतली दहा पोरं मागे.

चौकीबद्दल तो बोलत नाही. मी विचारत नाही.

१० नोव्हेंबर, शेतावर

दादांकडे नेलं, कंधारच्या अलीकडे. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, फौज-बिज काही नाही, जन्मभर शेत. त्यांची देवणी गाय बघून मूसा एकदम दुसराच माणूस झाला. तिकडे त्याचं सगळं खानदान गुरं पाळणारं. काठी टाकली, गाईच्या मानेवर हात ठेवला, गळ्याखालची पोळी चाचपली, दात बघितले, दादांना खुणेने वय सांगितलं. बरोबर निघालं. दादा खूश. "बाप्या जानकार हाय," म्हणाले. भाषा एक नाही, पण दोघं तासभर गाईवर बोलले.

मग बांधावर बसलो आणि तो आपणहून सुरू झाला. जसं आठवतं तसं लिहितो.

खिंडीत कंपनी एकशेवीसची. तशी नोंद. प्रत्यक्षात पन्नासाच्या आसपास, म्हणजे मी शिकवलेलीच पोरं, वर दोनचार. बाकीच्यांचा पगार दर महिन्याला निघायचा आणि कमांडरच्या घरी जायचा. तिथून वर. हे सगळ्यांना माहीत.

आपण दिलेले वायरलेस सेट होते, बॅटऱ्या नव्हत्या. शहराच्या बाजारात मिळायच्या त्या, आपल्याच, वेष्टणावर आपली हिंदी. मूसाने एकदा स्वतःच्या पैशाने दोन विकत आणल्या. त्याच उपयोगी पडल्या, पण बंडखोरांचा हल्ला झाला तेव्हा पलीकडे ऐकणारं कोणी नव्हतं. बटालियनचा सेट बंद. त्याच्या जनरेटरचं डिझेलही विकलेलं.

पेट्या उघडल्या तर वरच्या थरात आपल्या गोळ्या, खाली जुन्या. दहात चार फुसक्या. नव्या कुठे गेल्या ते समोरून येत होतं.

"उस्ताद, ते आपलीच फायर आमच्यावर करत होते. आवाज ओळखला मी."

सकाळी ते चौकीत शिरले. मूसा मेलेल्यांच्या खाली पडून होता, पाय गेलेला. डोळ्यांसमोर एकाचे बूट. आपले. मी प्रत्येकाला बुटाच्या जिभेला आतून नाव लिहायला लावायचो, चोरी होऊ नये म्हणून. या बुटाची जीभ बाहेर लोंबत होती, वर नाव होतं, कोठारातल्या कारकुनाने यादीवरून लिहिलेलं. त्या नावाचा शिपाई कंपनीत कधी नव्हताच. यादीपुरता होता. त्याच्या नावाने पगार निघाला, बूट निघाले आणि त्या बुटात पाय घालून दुसराच कोणी आला.

 दादांनी विचारलं काय म्हणतोय. सांगितलं थोडक्यात. ते गाईकडे बघतच म्हणाले,

"आपल्याकडं रोजगार हमीच्या कामावर मेलेली मान्सं खड्डे खंदतेत. तिकडं लडाया करतेत व्हय?"

१२ नोव्हेंबर

झोप नीट नाही. सगळं आठवतंय.

तिकडे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. परेडला मोठे साहेब येणार म्हणून मैदान भरलेलं, रांगा पूर्ण. मी निरीक्षण करत चाललो तर तिसऱ्या रांगेत आमचा पाववाला. रोज सकाळी मेसला पाव आणायचा तो. गणवेश, टोपी, हातात रायफल. उलटी धरलेली. मला बघून ओळखीचं हसला बिचारा.

त्याच दिवशी कर्नल साहेबांना सांगितलं. आमच्या टीमचे प्रमुख. चांगला माणूस, जवानांच्या ताटात काय आहे ते स्वतः बघणारा. त्यांनी ऐकून घेतलं, वर कळवलंही. आठवड्याने मला बोलावून म्हणाले, "सुभेदार, हा त्यांच्या घरातला मामला आहे. आपण शिकवायला आलो. जे समोर उभे आहेत त्यांना शिकवा."

जे समोर उभे होते त्यांना शिकवलं. जीव तोडून शिकवलं.

१३ नोव्हेंबर

दुपारी मूसाच्या फोनवर त्याच्या मामाचा निरोप. त्याच्यावर चौकी सोडून पळाल्याचा खटला भरतायत. तेव्हाचा कमांडर आता ब्रिगेडियर. त्याचं म्हणणं, चौकीत एकशेवीस जवान होते, सगळं साहित्य भरपूर होतं, मित्रदेशाने दिलेलं. तरी पडली म्हणजे लेफ्टनंटने दगा दिला.

मी म्हटलं, राहा इथेच. काहीतरी मार्ग काढू. हैदराबादला त्याच्या देशाची पोरं शिकतात, राहतात.

"राहिलो तर पळालो हे खरं होईल, उस्ताद."

त्याची बायको तिकडे शाळेत शिकवते. दोन मुली. त्यांनाही मग पळपुट्याची पोरं म्हणणार.

मग म्हणाला, तुम्ही बोलाल का? कोर्टासमोर? तुम्ही आम्हाला शिकवलं. किती जण होतो, तुम्हाला माहीत आहे. आमच्यातलं जिवंत कोणी नाही सांगायला.

मी हो म्हणालो नाही. बघतो म्हणालो. सु. दारात उभी होती. तिला हिंदी चांगली कळते.

१५ नोव्हेंबर

गेला. नवा पाय लावून गेला, काठी हातात. सु. ने शेंगदाण्याचे लाडू दिले, मुलींना म्हणून दोन परकराचे खण. नांदेडला गाडीत बसवलं. पाय घासत होता पण चेहऱ्यावर काही नाही. मीच शिकवलं होतं ते.

२ डिसेंबर

कर्नल साहेबांचा फोन. तेही निवृत्त, एका मोठ्या कंपनीला सल्ला देतात. त्या देशाला मदतीचा दुसरा टप्पा सुरू होतोय. नवं साहित्य, नवी बटालियन. कंपनी प्रशिक्षक नेणार आहे. "तुमचं नाव मी पहिलं दिलंय. दोन वर्षं. लातूरला येतोय शनिवारी, भेटा."

मूसाबद्दल मी काही बोललो नाही. तेही नाही. पण त्यांना माहीत आहे हे त्यांच्या आवाजात होतं.

६ डिसेंबर, लातूर

हॉटेलात जेवण. साहेब पिकले. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, प्राजक्ताची पण. आमची मुलगी इथेच नोकरीला आहे हे त्यांच्या लक्षात होतं. मग पानावरचा हात थांबवून म्हणाले, "मूसा तुमच्याकडे येऊन गेला म्हणे."

"हो साहेब."

"साक्ष मागितली?"

"हो."

 मग जे बोलले ते जवळजवळ शब्दशः:

"तुम्ही बोललात तर तो सुटेल असं वाटतं तुम्हाला? तो ब्रिगेडियर तिथल्या मंत्र्याचा मेहुणा आहे. सुटायचा नाही. फक्त आपला माणूस त्यांच्याविरुद्ध बोलला एवढं होईल. ते आपल्याला हाकलतील. दुसरा देश टपून बसलाय, तो बंदुका देईल आणि शिकवणार नाही. मग पुढच्या पोरांचं काय? तुम्ही तिथे असाल तर पन्नास तरी नीट शिकतील."

"पन्नासच का साहेब? एकशेवीस का नाहीत?"

ते चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं होतं. म्हणाले, "मी वर तीनदा लिहिलं होतं, तुम्हाला एकदाच सांगितलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर. संबंध बिघडवू नका."

निघताना: "आपण न बोलण्याच्या कागदावर सही केलेली आहे. ते लक्षात असू द्या. धमकी देत नाही. आठवण करतोय."

एसटीत बसल्यावर भूक लागली. जेवलोच नव्हतो.

९ डिसेंबर

साहेबांचं म्हणणं खोटं नाही. तोच त्रास आहे.

१७ डिसेंबर

सु. ला विचारलं. म्हणाली, "तुमी गेलाव तर त्याच मानसाला सलाम ठोकावा लागंल ना?"

हो म्हटलं. ब्रिगेडियरलाच.

"मग हात उचलंल का तुमचा?"

मी म्हटलं, उचलेल. सवयीने उचलतो.

ती तूर निवडत होती, निवडतच राहिली. "त्याच्यासाटीच म्हन्ते मी, जाऊ नगा."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला मैदानावरच्या पोरी आल्या. घर भरलं. मधेच मूसाच्या वकिलाचा फोन, इंग्रजी तोडकं, माझंही. मूसा तिकडे उतरल्यापासून तुरुंगात, आता तारीख लागली. न्यायाधीश व्हिडिओवर ऐकायला तयार आहेत. दुभाषी तिकडे असेल, हिंदीत बोला.

सगळ्यांसमोर हो म्हणून गेलो. पोरींना वाटलं नोकरीचं काही आहे. टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी कर्नल साहेबांना स्वतः फोन करून सांगितलं. पाठीमागून केलं असं नको. ते म्हणाले, "ठीक आहे सुभेदार." 

२२ जानेवारी, लातूर, प्राजक्ताकडे

तिच्या घरचं नेट चांगलं. कोट घातला, पदकं लावली नाहीत. दुपारी जोडणी झाली. चित्र तुटक. लांब खोली, न्यायाधीश गणवेशात, कडेला मूसा उभा. खुर्ची दिली नव्हती. समोरच्या बाकावर ब्रिगेडियर, जाड झालाय.

वकिलाने विचारलं, किती जवान शिकवले. सांगितलं. साहित्य पाहिलं का? पाहिलं, येताना पाहिलं, उतरवून घेताना मी होतो. नंतर बाजारात पाहिलं. भाड्याच्या माणसांची परेड सांगितली.

मग ब्रिगेडियरचा वकील उठला. गोड बोलणारा. इतकी वर्षं झाली, माणसांचा आकडा कसा लक्षात राहील? तुम्ही परके, आमचे चेहरे तुम्हाला एकसारखे दिसत असतील. कंपनीत आणखी तुकड्या असतील, तुम्ही पाहिल्या नसतील.

मी म्हटलं, आकडा नाही सांगत. नावं सांगतो.

आणि सांगत गेलो. यूनुस, डोंगरातला, नेम उत्तम, डावा डोळा मिटायला जमायचं नाही म्हणून पट्टी बांधायचो. दोघे भाऊ इस्सा आणि आदम, एकाला ओरडलं की दुसरा रडायचा. सालेह, ज्याला पोहायला शिकवलं. बकर, स्वयंपाकाला जायचा हट्ट करायचा. एकेक. दुभाषी सुरुवातीला भाषांतर करत होता, मग थांबला. नावांना भाषांतर लागत नाही. त्या खोलीत मागे काही बायाबाप्ये बसले होते, चित्रात नीट दिसत नव्हते. एका नावाला तिकडून कुणीतरी ओरडलं. नंतर आणखी एका.

नावं संपली. मी थांबलो.

न्यायाधीशांनी विचारलं, "आणि बाकीचे?"

"बाकीचे मला कधी भेटले नाहीत, साहेब."

मूसा सरळ समोर बघत होता. ब्रिगेडियर फोनमध्ये.

जोडणी तुटली. आपोआप की कुणी तोडली, माहीत नाही. प्राजक्ता स्वयंपाकघरात ऐकत उभी होती. पाणी आणून दिलं. "बाबा, ही सगळी गेली?" म्हणाली. मी मान हलवली.

३० जानेवारी

कंपनीचं पत्र. माझी निवड रद्द, वय जास्त. कर्नल साहेबांचा वेगळा मेसेज: "तब्येत सांभाळा." बस.

न बोलण्याची सही मोडली, पण पेन्शन बंद केल्याचं पत्र अजून नाही. रोज वाट बघतो, मग स्वतःचाच राग येतो.

११ फेब्रुवारी

मूसाच्या मामाचा निरोप आला. निकाल लांबणीवर. मूसाला दुसऱ्या तुरुंगात हलवलं, दूर उत्तरेला. नवा पाय काढून घेतला म्हणतात, त्यात काही लपवता येतं म्हणून.

आणि ब्रिगेडियरला त्या पदावरून हटवलं. क्षणभर बरं वाटलं. पुढचं वाक्य वाचेपर्यंत. परदेशी मदत स्वीकारायच्या नव्या खात्याचा प्रमुख केलं आहे.

मैदानावर गेलो नाही.

१९ फेब्रुवारी

देगलूरचा हवालदार शंकर आला होता. माझ्याच हाताखालचा, दोन वर्षांपूर्वी निवृत्त. माझ्या जागी कंपनी त्याला नेतेय. लाजत लाजत सांगितलं, पेढेही आणले होते. "उस्ताद, तुमी रागावले का?"

रागावलो नाही. घरी आजारी आई, पोरीचं नर्सिंग. जाणार नाही तर काय करणार? त्याला दुपारभर बसवून सांगितलं. कुठलं पाणी प्यायचं, कुठलं नाही. कुणावर विश्वास ठेवायचा. पेट्या वरून नाही, तळातून उघडून बघायच्या. पोरांना माघार घ्यायला शिकव म्हटलं, आपण हल्ला फार शिकवतो, जिवंत परत यायला कमी. वायरलेसशिवाय निरोप कसा धाडायचा ते शिकव.

तो लिहून घेत होता. जाताना वाकून पाया पडला.

"आन् परेडला माणसं कमी दिसली तर काय करायचं, उस्ताद?"

  साहेबांनी मला दिलेलं उत्तरच तोंडात आलं, ते गिळलं.

३ मार्च

हरभऱ्याची काढणी. दादांकडे तीन दिवस राबलो. अंग दुखतं, ते बरं. दादांनी एकदाच विचारलं, "तो गाईवाला सुटला का?" न्हाई म्हटलं. ते पुन्हा कामाला लागले.

१७ मार्च

मामाचा फोन बंद. वकिलाचा लागतो, उचलत नाही. शंकर तिकडे पोचलाय, त्याला चौकशी करायला सांगावं म्हणून मेसेज लिहिला. मग खोडला. त्याची नोकरी जाईल. त्याच्या आईचा दवाखाना.

संध्याकाळी पुन्हा लिहिला. पाठवला नाही.

२९ मार्च

आज सकाळी मूसाच्या जुन्या नंबरावरून आवाजी निरोप.  पण आवाज त्याचा नाही, बाईचा. त्याची बायको असणार. फ्रेंचमध्ये बोलतेय बहुतेक, मधे त्यांची बोली. मला ओ की ठो कळत नाही. 'मूसा' दोनदा येतं. ब्रिगेडियरचं नाव एकदा. 'उस्ताद' तर पुन्हा पुन्हा. मागे एक लहान मुलगी काहीतरी विचारतेय आणि ती तिला गप्प करतेय.

पुन्हा पुन्हा ऐकला. प्राजक्ताला पाठवला. तिच्या ओळखीत लातूरला एक मॅडम फ्रेंच शिकवतात, उद्या दुपारी वेळ आहे म्हणाल्या. मीच येतो म्हटलं, फोनवर नको ऐकायला.

वाईट आहे हे धरूनच चाललोय. डोकं तिकडेच जातं. सु. ला म्हटलं, गेला असेल गं तो.

तिने फोन माझ्या हातातून घेतला. पदराने काच पुसली, कानाला लावला आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. मग परत पहिल्यापासून.

"रडत न्हाई ती," म्हणाली. "भांडायलीय."

"कोणाशी?"

"ते उद्या कळंल. सकाळची गाडी धरा. मीबी येते."